कुटुंबाचें आरोग्य : नशा सुटतांनाचे पंधरा दिवस

गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, वैनगंगेला मिळणाऱ्या गाढवी नदीवर इटियाडोहाचें धरण आहे. १९७० च्या सुमारास तें पुरें झालें, आणि त्याच्या कालव्यांनीं त्या बाजूच्या धानशेतीला पाण्याचा आधार दिला. धरणापासून जवळच असलेल्या एका गांवाहून, एका एकत्र कुटुंबांतील वडील सुनेचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. उत्तरासाठीं पुढील अंकाची वाट पाहावी असा तो मजकूर नव्हता. म्हणून त्या बाईंना त्याच दिवशीं दूरध्वनीनें उत्तर कळविलें. परंतु त्यांनीं विचारलेले प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत दाराआड विचारले जात असतील. यास्तव त्यांच्या संमतीनें, नांवनिशाणी वगळून, तो विषय येथें मांडीत आहों.

त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा, वय वर्षें एकवीस, मोठ्या शहरांत शिकावयास होता. वर्षभर तो एक सुगंधी वाळका पाला रोज ओढीत असे. हा गांजा नव्हे, तपासणींत सांपडत नाहीं, म्हणून यांत भय नाहीं, असें मित्रांनीं त्यास सांगितलें होतें. गोष्ट कानावर येतांच दीर त्याला घरीं घेऊन आले. जागा निवांत, संगत दूर. आठ दिवसांत मुलगा ताळ्यावर येईल असा सर्वांचा हिशेब होता. मुलानेंही आजोबांच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली आणि जवळची पुडी आपल्या हातानें बंबांत टाकली.

पहिली रात्र त्यानें जागून काढली. दुसऱ्या दिवशीं घामानें अंथरूण भिजलें, अन्न पोटांत ठरेना, छाती धडधडूं लागली. तिसऱ्या रात्रीं तो घटकेंत रडे, घटकेंत अंगावर धांवून जाई, आणि पहांटेच्या गाडीनें शहरांत परत जातों म्हणून पिशवी भरून निघाला. घरांत तीन मतें झालीं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली आहे. दीर म्हणाले, खोलींत कोंडा, चार दिवसांत खोड मोडेल. आणखी कोणी सुचविलें कीं मामंजींच्या झोपेच्या गोळ्या आहेत, त्यांतली एक द्यावी. डॉक्टरांचें नांव मात्र कोणींच काढलें नाहीं. कारण मुलाच्या बहिणीचें लग्न ठरत होतें. पत्राच्या अखेरीस त्या बाईंनीं विचारलें होतें : हा मुलगा नाटक करीत आहे कीं खरोखरच आजारी आहे?

तो आजारी आहे. आमचें पहिलें उत्तर हेंच होतें, आणि घरानें काय करावें व काय करूं नये हें सर्व या एका उत्तरावरून ठरतें.

वडील मंडळींचा या बाबतींत गैरसमज व्हावा हें स्वाभाविक आहे. त्याच तालुक्यांत प्रतापगडास महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, आणि शिवरात्रीची भांग ही कोणासच नवी नाहीं. १८९३-९४ सालीं सरकारनें नेमलेल्या आयोगानें या देशांतील भांग, गांजा व चरस यांची चौकशी केली, तेव्हां बेताच्या सेवनानें बहुधा मोठा अपाय होत नाहीं असाच त्याचा अभिप्राय पडला. पुढें १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें गांजा व चरस यांस बंदी घातली, तरी भांगेचीं नुसतीं पानें त्या व्याख्येच्या बाहेर राहिलीं. त्यामुळें ‘गांजासारखें कांहीं तरी’ असें म्हटलें कीं दोन दिवस डोकें जड राहील, याहून अधिक कोणाच्या मनांत येत नाहीं.

परंतु प्रस्तुत वस्तु ही गांजा नव्हे, हें त्या मित्रांचें म्हणणें खरें आहे. मात्र त्यांनीं काढलेला निष्कर्ष अगदीं उलटा आहे. अमेरिकेंतील क्लेमसन विद्यापीठांत जॉन हफमन या रसायनशास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, मेंदूच्या अभ्यासासाठीं, गांजाच्या अर्काप्रमाणें काम करणारीं अनेक द्रव्यें प्रयोगशाळेंत तयार केलीं. तीं माणसानें ओढावीं असा त्यांत हेतु नव्हता. पण व्यापाऱ्यांनीं तीं कृति उचलली, कोणत्याही झाडपाल्यावर तें द्रव्य शिंपडलें, आणि ‘स्पाइस’, ‘के-टू’ अशा नांवांच्या पुड्या बाजारांत आणल्या. २००८ च्या अखेरीस जर्मनींत अशा पुड्यांत हफमन यांचें एक द्रव्य सांपडलें, तेव्हां या सुगंधी पाल्याचें बिंग फुटलें. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें अशा दोन द्रव्यांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घातले. परंतु एकावर बंदी आली कीं रचनेंत किंचित् फेर करून दुसरें निघतें. म्हणूनच गांजासाठीं केलेल्या नेहमींच्या लघवीच्या तपासणींत हें बहुधा आढळत नाहीं. तपासणी निर्दोष आली एवढ्यावरून आईबापांनीं निश्चिंत होऊं नये.

पुडींत द्रव्य कोणतें व किती, हें विकणाराही जाणत नाहीं. जुलै २०१६ मध्यें न्यूयॉर्क शहराच्या एका वस्तींत एकाच दिवशीं ३३ माणसें अशा एका द्रव्यानें भ्रमिष्टासारखीं झालीं. २०१८ सालीं इलिनॉय प्रांतांत या मालांत उंदीर मारण्याचें औषध मिसळलेलें निघालें. १५० हून अधिक लोकांना रक्तस्राव झाला आणि कांहीं दगावले.

आतां सोडतांना इतका त्रास कां व्हावा? गांजांतील मुख्य द्रव्य १९६४ सालीं इस्राएलमध्यें राफाएल मेशूलम व त्यांच्या सहकाऱ्यानें शुद्ध रूपांत वेगळें केलें. त्याच्याशीं मिळतें काम करणारें एक द्रव्य आपल्या मेंदूंत निसर्गतःच असतें, हें मेशूलम यांच्याच प्रयोगशाळेंत १९९२ मध्यें आढळलें, आणि त्यास आपल्या संस्कृतांतील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ असें नांव देण्यांत आलें. झोंप, भूक, मनाची स्थिरता यांचें नियमन करण्यांत त्याचा वांटा आहे. गांजांतील द्रव्य मेंदूंतील त्या ग्रहणस्थानांना अर्धवट चेतवितें. कृत्रिम द्रव्य त्यांना पूर्ण जोरानें चेतवितें. रोजच्या या माऱ्यानें ग्रहणस्थानें कमी होतात व मंदावतात. मग द्रव्य अकस्मात् बंद झालें कीं घरच्या आनंदाला दारेंच उघडीं सांपडत नाहींत.

त्या घरचे मामंजी तरुणपणीं धरणाच्या कामावर होते. त्यांना हें समजण्यास उशीर लागला नाहीं. पुराच्या भीतीनें बंद केलेलीं कालव्याचीं दारें पूर ओसरल्यावर हळूहळूच उघडतात, आणि तोंवर शेतें कोरडीं राहतात, असें त्यांनीं आपल्या मुलास समजावून दिलें. दृष्टांत यथायोग्य आहे, आणि त्यांत आशाही आहे. रोज गांजा ओढणाऱ्यांवर केलेल्या, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, सुमारें चार आठवड्यांच्या संयमानंतर ग्रहणस्थानें मेंदूच्या बहुतेक भागांत पूर्ववत् झालेलीं दिसलीं.

त्रासाचा क्रम साधारणतः असा असतो. शेवटच्या पुडीनंतर कांहीं तासांतच बेचैनी, घाम, थरथर, मळमळ, डोकेदुखी आणि पुन्हां ओढण्याची अनावर इच्छा सुरू होते. पहिल्या आठवड्यांत जोर अधिक. मग शरीर निवळत जातें. झोंप, चिडचिड, वाईट स्वप्नें व उदासपणा हीं मात्र कित्येक आठवडे रेंगाळतात. हे सारें सोसण्याजोगें असलें, तरी कांहीं चिन्हें दिसतांच क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें : आंचके येणें, छातींत दुखणें, न थांबणारी वांती, लघवी अगदीं कमी होणें, कोठूनही रक्त जाणें, भास होणें, अथवा जीव देण्याची भाषा बोलणें. शेतकरी घरांनीं तर फवारणीचीं औषधें त्याच दिवशीं कुलपांत ठेवावींत. मनाच्या अंधाऱ्या घटकेंत हाताशीं काय आहे यावर पुष्कळ कांहीं ठरतें.

म्हणून पहिलें काम डॉक्टरांकडे जाण्याचें. या त्रासावर नेमका असा उतारा अद्याप नाहीं; पण घाबरेपणा, वांती, निद्रानाश यांवर डॉक्टर देखरेखीखालीं औषध देऊं शकतात. तीं औषधें घरच्या कपाटांतून काढून देणें ही मात्र भयंकर चूक होय. मामंजींच्या गोळ्या मामंजींच्या वयाला व प्रकृतीला धरून दिलेल्या असतात, आणि त्यांची स्वतःचीच संवय जडूं शकते. तसेंच याच्या बदलीं थोडी भांग किंवा थोडें मद्य देऊन वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळींच ऐकूं नये.

कोंडून ठेवणें हेंही तितकेंच वाईट. बंद दाराआड आंचका आला तर कोणास कळणार? येथें एकत्र कुटुंबाची खरी शक्ति उपयोगी पडते. एकट्या आईनें सात रात्री जागून काढणें अशक्य. पण काका, काकू, आजोबा, मोठा भाऊ यांनीं पाळी वांटून घेतली तर मुलापाशीं सदैव कोणी तरी असतें आणि कोणीही थकून चिडत नाहीं. एकानें भूक पाहावी : भाताची पेज, ताक, जलसंजीवनी थोडी थोडी, पण वरचेवर. एकानें निजण्या-उठण्याची वेळ सांभाळावी. दुपारनंतर चहा-कॉफी नको, झोंप लागली नाहीं तरी सकाळीं ठरल्या वेळीं उठवावें व उन्हांत दोन फेऱ्या माराव्यात. एकानें दूरध्वनि व पैसे आपल्याकडे ठेवावे, परंतु मुलाला सांगून, चोरून नव्हे. इच्छेची लाट उसळते तेव्हां ती बहुधा अर्ध्या तासाच्या आंत ओसरते. तेवढा वेळ कोणीं तरी त्याच्याबरोबर बोलत, चालत, कांहीं काम करीत काढावा. उपदेश त्या वेळीं करूं नये. ‘घराण्याला काळिमा लावलास’ हें वाक्य तर या पंधरा दिवसांत कोणाच्याही तोंडून येतां कामा नये. तें त्याला ठाऊक आहे. त्याच्या उशाशीं रात्रभर तेंच बसलेलें असतें.

राहिली अब्रूची गोष्ट. १९८५ च्या त्याच कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. अल्प प्रमाणांतील गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वखुषीनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेऊं लागला व त्यानें ते पुरे केले, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणें हें डॉक्टरांचें कर्तव्य आहे. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीं सल्ला हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हा आणि मनाच्या आरोग्यासाठीं १४४१६ हा, असे दोन निःशुल्क सरकारी दूरध्वनि आहेत.

महाराष्ट्रानें ही परीक्षा पूर्वीं एकदां दिली आहे. १९८० नंतरच्या दशकांत गर्द मुंबई-पुण्याच्या चांगल्या चांगल्या घरांत शिरला, तेव्हांही प्रथम सर्वांनीं दारें लावून घेतलीं. १९८६ मध्यें डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें पुण्यांत ‘मुक्तांगण’ सुरू केलें. नशा तुटतांनाच्या यातनांना गर्दुल्ल्यांच्या बोलींत ‘टर्की’ म्हणत. त्या काळानें शिकविलें तें हें, कीं टर्की उतरली म्हणजे माणूस बरा झाला असें नव्हे. खरा उपचार तेथून पुढें सुरू होतो, आणि त्यांत घरच्यांनाही शिकावें लागतें. एक इशारा येथें विसरूं नये : कांहीं आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सोसण्याची ताकद कमी झालेली असते, अशा वेळीं मोहानें पूर्वींएवढेंच ओढलें तर तें जिवावर बेतूं शकतें. यास्तव घसरण झाली तरी मुलानें तें घरीं येऊन सांगावें, एवढा विश्वास त्याला वाटला पाहिजे.

परवां त्या बाईंचा पुन्हां दूरध्वनि आला. मुलाला दुसऱ्याच दिवशीं जिल्ह्याच्या ठिकाणीं नेलें. चार दिवस रुग्णालयांत राहून तो घरीं परतला. आतां तीन-चार तास झोंप लागते, पण मन अजून थाऱ्यावर नाहीं. रात्रीची पहिली पाळी मामंजी हौसेनें घेतात. बहिणीच्या लग्नाचें काय झालें, असें आम्हीं भीत भीत विचारलें. तेव्हां कळलें कीं बहिणीनेंच हट्ट धरून वरपक्षाला सर्व सांगावयास लावलें. भाऊ आजारी आहे हें लपवून मला त्या घरांत जावयाचें नाहीं, असें ती म्हणाली. वरपक्षाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तें कांहींही येवो. त्या घरांत आतां दारें लावून कोणी बोलत नाहीं, आणि मुलाच्या बरें होण्याला यापेक्षां मोठा आधार आम्हांस दिसत नाहीं.