समुद्राच्या पोटातला बांध

विहिरीत वाकून हाक मारली की आवाज घुमून परत येतो, हे आपण सर्वांनी लहानपणी केले आहे. समुद्राचा तळ याच युक्तीने मोजतात. जहाजाच्या बुडाशी बसवलेले सोनार नावाचे यंत्र खाली आवाज सोडते. थंड पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४५० मीटर धावतो. म्हणजे प्रतिध्वनी एका सेकंदाने परतला, तर तळ ७२५ मीटर खोल समजावा. मात्र पाण्याची उष्णता वा खारटपणा बदलला की हा वेगही बदलतो. म्हणून पाणी आधी तपासावे लागते.

२०१९ साली स्वीडनचे ‘ओडेन’ हे बर्फ फोडणारे जहाज ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेकडील शेरार्ड ऑस्बॉर्न खाडीत शिरले. तिचा तळ तोवर कुणी मोजला नव्हता. रायडर नावाची हिमनदी तिथे समुद्रात उतरते. सोनारने पाहिले, तो हिमनदीच्या पुढ्यात तळावर आडवा उंचवटा! बाहेरून येणारे कोमट पाणी जास्त खारट, म्हणून जड. ते खालून सरकत येते आणि या उंचवट्याशी बरेचसे अडते. हिमनदीचे वितळणे त्यामुळे कमी होते.

याचे आपल्याला काय? जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रात गेले की पाणी जगभर चढते. त्याची झळ आपल्या कोकणातल्या खारबंधाऱ्यांनाही पोहोचते. कुठली हिमनदी किती टिकेल, हे सांगायचे तर तिच्या पुढ्यातला तळ ठाऊक हवा. बांध कुठे आहे आणि कुठे फुटका आहे, हे पाहिल्याशिवाय शेतात पाणी किती शिरेल, हे आपण तरी सांगू का?