पाळण्याचा जमाखर्च

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या वस्तीतील एक तरुण आमच्या ओट्यावर येऊन बसला. कंत्राटी कामावर आहे, पत्नीला सातवा महिना. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, तरी गडी मुद्द्यावर येईना. शेवटी त्याने खिशातून दोन कागद काढले. एक होती भुसावळच्या दुकानातून लिहून आणलेली बाळाच्या सामानाची यादी, आणि दुसरा पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज. अर्जावर जामीनदाराच्या सहीची जागा मोकळी होती.

"काका, तेवढी तुमची सही पाहिजे होती," तो म्हणाला.

यादीची बेरीज होती एकोणीस हजार चारशे रुपये. विजेवर हलणारा पाळणा, ढकलगाडी, चाकांचा वॉकर, दुधाच्या सहा बाटल्या, त्या उकळण्याचे यंत्र, मोहरीची उशी, आंघोळीचा टब, डायपरचे गठ्ठे आणि तेल-पावडर-साबणाची सजवलेली पेटी. आम्ही पडलो कारकून. सहीआधी प्रत्येक रकमेपुढे 'कशासाठी?' असे लिहायची आम्हाला सवय. त्या दिवशी आम्ही सही केली नाही आणि नाहीही म्हटले नाही. फक्त आठ दिवस मागून घेतले.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही वहीचे एक पान मधोमध दुमडले. डावीकडे लिहिले 'वापरले', उजवीकडे 'पडून राहिले'. मग जमलेल्या आयाबापांना विचारले की, तुमच्या लेकरांसाठी घेतलेल्या वस्तूंपैकी खरोखर उपयोगाला काय आले? प्रश्न विचारायचा अवकाश, बायाबापड्या अशा बोलू लागल्या की आमची लेखणी पुरेना. त्यात आयुधनिर्माणीत नोकरी करणारे होते, रेल्वेतले होते आणि केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या भगिनीही होत्या. त्या पानावरचा जमाखर्च आज वाचकांपुढे मांडत आहोत.

'वापरले' या बाजूला पहिले नाव आले छत्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या मच्छरदाणीचे. यावर कोणाचेही दुमत नव्हते. घरात, अंगणात, शेतावर झाडाखाली, कुठेही बाळ झाकता येते. दुसरे नाव जुन्या सुती लुगड्यांच्या दुपट्यांचे आणि लंगोटांचे. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात चकचकीत नायलॉनचे फ्रॉक आणि टोपडी घातली की लेकरू घामोळ्यांनी लाल होते. कापूस पिकवणाऱ्या मुलखात आपण बाळाला प्लास्टिक गुंडाळावे, याला काय म्हणावे? डायपर प्रवासात आणि दवाखान्यात जाताना सोयीचे, असे सर्वांनी मान्य केले. पण दिवसभर तोच बांधून ठेवला की मांड्या सोलवटतात.

तिसरी वस्तू आकड्यांचा थर्मामीटर. काचेचा पाऱ्याचा फुटला तर पारा घरभर होतो, म्हणून आकड्यांचाच घ्यावा. चौथी, नखे काढायची लहान कात्री. पाचवी, झाकणाची वाटी आणि चमचा. आणि सहावी वस्तू विकत मिळतच नाही. ती म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. लस कधी, वजन किती, याचा हिशेब ठेवणारे हे खातेपुस्तक सांभाळून ठेवा. अंगणवाडीतला वजनकाटा हे आमच्या मते बाळाचे सर्वांत मोलाचे उपकरण, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

२०१९ साली राज्य सरकारने सरकारी आरोग्य संस्थेत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या मातेला बाळाच्या वस्तूंचा संच देण्याची योजना आणली होती. त्यातही मच्छरदाणी, लहान गादी, टॉवेल, थर्मामीटर, नेलकटर, पायमोजे, ब्लँकेट अशाच साध्या वस्तू ठरल्या होत्या. आमच्या पानाचा आणि त्या यादीचा मेळ बसला, तेव्हा विहारातल्या बायांना स्वतःचेच कौतुक वाटले.

पाळण्यावर बराच वेळ चर्चा चालली. विजेवर हलणारा पाळणा ज्यांनी घेतला, त्यांनी कबूल केले की वीज गेली की तो मुका आणि बाळ बोलके. लोखंडी घडवंचीचा साधा पाळणा किंवा लुगड्याची झोळी यावरच बहुतेकांची लेकरे वाढली. पण झोळीलाही नियम आहेत. कडी आणि दोर दर आठवड्याला ओढून पाहावा. झोळी जमिनीपासून फार उंच नसावी. जवळ लोंबणारी दोरी ठेवू नये आणि मोठ्या भावंडाला एकट्याने झोके देऊ देऊ नयेत. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो, म्हणून नजर ठेवावी. रात्रीची लांब झोप सपाट, घट्ट अंथरुणावर आणि उताणीच व्हावी, असे डॉक्टर सांगतात. उशी नको, मोहरीचीही नको. डोके गोल करण्यासाठी लेकराच्या श्वासाशी खेळू नये.

आता 'पडून राहिले' ही बाजू. ढकलगाडी आपल्या बोळांतून चालत नाही. ती शेवटी धुण्याचे कपडे ठेवायच्या कामी आली, असे एका भगिनीने सांगितले. पावडर बाळाच्या नाकातोंडात जाते, म्हणून बालरोगतज्ज्ञ तिला नकोच म्हणतात. काजळात शिसे असू शकते, आणि दृष्ट नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात काळे मणी आणि काळा दोरा कशासाठी? मणी तुटून घशात जाण्याची भीती मात्र खरी असते.

वॉकरविषयी आम्हाला स्वतःचीच चूक सांगायची आहे. आमची थोरली मुलगी नऊ महिन्यांची असताना आम्ही हौसेने वॉकर आणला होता. लेक लवकर चालेल, असे वाटले. एका दुपारी दार उघडे राहिले आणि ती वॉकरसकट ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली गेली. हनुवटीला चार टाके पडले. तो व्रण आज ती आरशात पाहते तेव्हा आम्ही दुसरीकडे पाहतो. पुढे वाचनात आले की कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. वॉकरने मूल लवकर चालत नाही, उलट उशीर होण्याची शक्यता असते. सतरंजीवर सोडलेले लेकरू आपल्या वेळेला आपोआप उभे राहते.

दुधाच्या बाटलीचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. आपल्या उन्हाळ्यातही नाही, कारण आईच्या दुधात पाणी असतेच. आपल्या आज्यांना हे पटत नाही, पण पटवून द्यावे लागेल. बाटलीच्या बुचात आणि रबरात दुधाचा अंश राहतो, जंतू वाढतात आणि मग हगवण लागते. एका भगिनीच्या लेकराला अशाच हगवणीने दवाखान्यात ठेवावे लागले होते. ते सांगताना तिचा आवाज चिरकला. १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यानुसार बाळाच्या डबाबंद दुधाची आणि दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. ज्या वस्तूची जाहिरात करायला कायदा मनाई करतो, ती आपण यादीत सहा नग लिहून आणतो! कामावर जाणाऱ्या आईने दूध काढून ठेवावे आणि ते वाटी-चमच्याने पाजावे. कसे आणि किती वेळ ठेवायचे, ते आशाताईंना विचारावे.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, ते पाहून घ्या. आणि दुचाकीवर चार वर्षांखालील मूल न्यायचे तर २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. पेट्रोलच्या टाकीवर लेकरू बसवून महामार्गावरून भुसावळला जाणाऱ्या बंधूंनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

हे सर्व लिहून झाल्यावर आम्ही एक सूचना मांडली. पाळणा, मच्छरदाणी, टब या वस्तूंचा उपयोग वर्षभराचा. मग प्रत्येक घराने त्या विकत का घ्याव्यात? ज्यांचे काम झाले त्यांनी विहारात द्याव्यात, ज्यांना गरज आहे त्यांनी नेऊन परत आणाव्यात. नोंदवही आम्ही ठेवू.

सर्वांनी माना डोलावल्या. पण त्या तरुणाची आजी उठून उभी राहिली.

"आम्ही लोकाईचे उतरलेले आंगडे घालून वाढलो," ती म्हणाली. "मह्या पणतूले तं नवाच पायना पाह्यजे."

विहारात शांतता पसरली. आमच्याजवळ तिला उत्तर नव्हते, कारण ती खरे बोलत होती. मनुस्मृतीने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रे नेसायला सांगितली होती. त्या ग्रंथाचे दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना नीटनेटके, स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. उतरलेले नाकारणे हा आपल्या स्वाभिमानाचा इतिहास आहे. एकोणीस हजारांच्या यादीमागे नुसती चैन नव्हती, तीन पिढ्यांची सल होती. बेरीज तपासताना आम्हाला ती दिसली नव्हती.

थोड्या वेळाने एका शिक्षक बंधूंनी विनयपिटकातली हकीकत सांगितली. राजा उदयनाने आनंदाला विचारले होते की, एवढी चीवरे मिळाली, त्यांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली त्यांना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांचे पलंगपोस. त्यानंतर गादीची खोळ, मग अंथरुण, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. संघातली ती वस्तू कोणाची उतरलेली नव्हती, ती सर्वांची होती. वरच्याने खालच्याला फेकलेले वेगळे आणि बरोबरीच्याने बरोबरीच्याला दिलेले वेगळे.

आजीने ऐकून घेतले. "पण पह्यलं झबलं नवंच," ती म्हणाली. आम्ही सर्वांनी ते मान्य केले आणि नोंदवहीचा तो पहिला नियम झाला. अंगाला लागणारे कपडे नवे किंवा घरचे, बाकीच्या वस्तू सामाईक. आणि देणाऱ्याने धुऊन, दुरुस्त करून, रंग देऊनच द्यायचे.

बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. पुत्रशोक सोसलेल्या त्याच बापाने १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळाला आधी काय लागते, याचे उत्तर त्यात आहे. बाळंतिणीला विश्रांती, पोटभर अन्न आणि हातात चार पैसे. २०१७ साली नोकरदार स्त्रीची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण केळीच्या बागेत जाणाऱ्या आपल्या भगिनीला रजा कोण देणार? तिचा पगार बुडेल त्या दिवसांसाठी घरात पैसा शिल्लक असणे, हेच तिच्या लेकराचे पहिले सामान.

आठ दिवसांनी तो तरुण पुन्हा आला. कर्जाचा अर्ज त्याने स्वतःच घडी घालून ठेवला होता. नवी झबली, मच्छरदाणी, थर्मामीटर आणि दुपट्यांचे कापड, सारे मिळून रोखीने दीड हजारांच्या आत बसले. उरलेल्या पैशांतून पत्नीसाठी दूध, अंडी, डाळ आणि ऐन वेळच्या गाडीभाड्याची तजवीज झाली. विहारातला लोखंडी पाळणा त्याने स्वतः निळ्या रंगाने रंगवला. आजी बाजूला बसून कुठे रंग राहिला ते दाखवत होती.

आमच्या नोंदवहीत आज सात वस्तू आहेत. आपल्या गावच्या विहारातही अशी एक वही सुरू करावी, ही सर्व उपासक-उपासिकांना विनंती. दोन रकान्यांचे काम आहे, कोणालाही जमेल.

जयभीम!