परक्या गावचा रस्ता

दादरच्या गर्दीत रोज रस्ता ओलांडणाऱ्या आजींचे पाऊल लखनौला कैसरबागच्या चौकात मात्र अडले. एका हातात सहा वर्षांचा नातू, दुसऱ्या हातात पिशवी आणि समोर ई-रिक्षा, सायकलरिक्षा, मोटारसायकली, बस असा सगळा लोंढा. धीर करून त्या निघाल्या. अर्ध्यावर पोहोचतात तोच कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवला. आजी दचकल्या आणि नातवाला घेऊन एकदम मागे वळल्या. मागच्या मोटारसायकलवाल्याला हे अपेक्षितच नव्हते. त्याने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा चाक आणि नातू यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरले होते.

पलीकडे उभ्या असलेल्या सूनबाई रडवेल्या झाल्या. ‘‘आई, आपण हॉटेलवर परत जाऊ या. नकोच ते बघणं!’’

पण आजींना जायचे होते ते भातखंडे संगीत संस्थेत. मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. आयुष्यभर गाणे शिकवलेल्या आजींची ती वास्तू पाहण्याची फार दिवसांची इच्छा होती.

तेवढ्यात पानाच्या ठेल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. म्हणाले, ‘‘माताजी, बीच में रुकिए मत, पीछे मत मुड़िए. मेरे साथ चलिए.’’ वाहनांत थोडी फट पडेपर्यंत ते थांबले, मग एकाच संथ चालीने निघाले. आश्चर्य म्हणजे वाहने त्यांना वळसा घालून जात राहिली.

यात जादू काहीच नाही. अशा रस्त्यावर वाहनचालक पादचाऱ्याच्या चालीचा अंदाज घेऊन गाडी काढतो. माणूस मध्येच थबकला, धावला किंवा मागे फिरला की तो अंदाज चुकतो. आपल्या गावात हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला असतो, म्हणून भीती वाटत नाही. परक्या गावात हॉर्न तोच, पण त्याचा अर्थ वेगळा. लखनौच्या जुन्या भागात तो रागाने नव्हे, तर ‘मी मागून येतोय’ एवढे सांगायलाही वाजतो. शिवाय चौक, अमीनाबाद हे भाग टांगे-पालख्यांच्या काळातले. त्याच रस्त्यांवर आज पायी माणसापासून बसपर्यंत प्रत्येक जण आपापल्या वेगाने चालतो. गोंधळाचे मूळ या वेगांच्या फरकात आहे.

भीती मात्र खोटी नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पादचारी होते. म्हणून परगावी जाताना घरातल्या सर्वांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

मुलाचे बोट नव्हे, मनगट धरावे. बोट सहज सुटते. त्याला वाहने येतात त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. पहिल्या दिवशी एकट्याने न ओलांडता स्थानिक माणसांच्या घोळक्याबरोबर जावे. ई-रिक्षात मुलांना आत बसवावे, पदर व ओढणी चाकापासून आवरून घ्यावी आणि उतरताना डाव्या बाजूनेच उतरावे. मात्र ‘न थांबता चाला’ हा नियम गर्दीच्या, संथ रस्त्यापुरताच. शहीद पथासारख्या भरधाव रस्त्यावर तो जिवावर बेतेल. तिथे लांब पडले तरी पूल किंवा सिग्नल गाठावा.

लखनौला आणखी एक सोय आहे. 2017 मध्ये सुरू झालेली मेट्रो 2019 पासून विमानतळ ते मुंशीपुलिया अशी धावते. चारबाग स्टेशनवरून हजरतगंजला तिने विनासायास जाता येते. अमीनाबाद आणि चौककडे जाणाऱ्या मार्गाला 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. आणि प्रसंग आलाच, तर 112 हा क्रमांक देशभर चालतो.

आजींनी ती वास्तू डोळे भरून पाहिली. परतताना तोच चौक आला. नातवाने विचारले, ‘‘आजी, आता भीती नाही वाटत?’’

‘‘वाटते रे,’’ त्याचे मनगट घट्ट धरत आजी म्हणाल्या, ‘‘पण आता मध्येच मागे नाही वळायचं.’’

पानवाल्या आजोबांना लांबूनच नमस्कार करून दोघे चालू लागले.