घरखर्चाची वही : खिडकीचे माप आपणच घ्यावे

उन्हाळा सुरू झाला की पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या घरांतील माणसांचे हाल सुरू होतात. दुपारी तीननंतर ऊन थेट खोलीत शिरते, भिंती तापतात आणि रात्री उशिरापर्यंत अंथरुणाला पाठ लावणे नकोसे होते. घरात म्हातारी माणसे, तान्हे मूल किंवा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतील तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. म्हणूनच पुष्कळ कुटुंबे आता खिडकीच्या काचांना ऊन अडविणारी फिल्म लावून घेतात. खर्च हजार-दोन हजारांचा असतो. महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्यांना ही रक्कम लहान नाही. तेव्हा तिचा हिशेब आपल्याला आलाच पाहिजे.

प्रथम कोणत्या खिडकीला फिल्म हवी ते ठरवावे. सगळ्याच खिडक्यांना लावण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास आणि नागपुरात मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीचे रक्षण साधा छज्जाही करतो. पश्चिमेचे ऊन मात्र खालून, छज्जा चुकवून आत येते. पूर्वेचे ऊनही तसेच येते, पण ते सकाळचे असते. म्हणून खर्चाचा पहिला मान पश्चिमेच्या खिडकीला द्यावा. जिथे कूलर बसविला आहे किंवा जी खिडकी दिवसभर उघडीच असते, तिथे फिल्म लावणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. ऊन काचेतून आले तरच फिल्म त्याला अडविणार!

आता मापाकडे वळू. आमच्या वसाहतीतील एका भगिनीकडे फिल्म लावणारा कारागीर आला. त्याने भिंतीतल्या चौकटीला टेप लावला आणि कागदावर ‘दोन खिडक्या, एकूण २,२५० रुपये’ एवढेच लिहून दिले. माप नाही, दर नाही. त्या भगिनींनी तो कागद आमच्याकडे आणला. कचेरीत बिले तपासण्यात आमचे आयुष्य गेले आहे. ज्या बिलात माप आणि दर नाही ते पुढे सरकवायचे नाही, ही आमची सवय. आम्ही त्यांना म्हटले, ताई, आधी दर विचारा आणि माप आपण घेऊ. दर चौरस फुटाला ६० रुपये निघाला. हा दर त्या कामापुरताच समजावा, कारण फिल्मच्या प्रतीप्रमाणे आणि गावाप्रमाणे तो बदलतो.

माप घेताना शिंप्याची कापडी टेप वापरू नये, ती ताणली जाते. पत्र्याची टेप घ्यावी. प्रत्येक खिडकीला कागदावर क्रमांक द्यावा. भिंतीतील भोक किंवा चौकट मोजू नये, काच मोजावी. सरकत्या खिडकीत एका बाजूच्या रबरापासून दुसऱ्या बाजूच्या रबरापर्यंत जेवढी काच दिसते तेवढेच माप. आधी रुंदी, मग उंची, हा क्रम कधी बदलू नये. प्रत्येक माप वर, मध्ये व खाली असे तीन ठिकाणी घ्यावे आणि त्यांतले मोठे लिहावे. फिल्म जास्त असली तर कापता येते, कमी पडली तर जोडता येत नाही. इंचाचे आठ सूत होतात. २२ इंच ४ सूत म्हणजे साडेबावीस इंच.

त्या भगिनींच्या पुढच्या खोलीत दोन तावदाने होती, प्रत्येकी साडेबावीस बाय ४५ इंच. रुंदीला उंचीने गुणले की १,०१२.५ चौरस इंच. दोन तावदानांचे २,०२५. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच असतात, म्हणून १४४ ने भागले. उत्तर १४.०६ चौरस फूट. आतल्या खोलीत २१ बाय ४२ इंचांची दोन तावदाने होती, त्यांचे १२.२५ चौरस फूट झाले. एकूण काच २६.३१ चौरस फूट. साठच्या दराने १,५७९ रुपये.

चौकटींची मापे मात्र ५१ बाय ५१ आणि ४८ बाय ४८ इंच होती. म्हणजे ३४.०६ चौरस फूट आणि २,०४४ रुपये. नुसते चौकट मोजल्याने ४६५ रुपये वाढतात, आणि तेही ज्या ॲल्युमिनियमवर फिल्म लागणारच नाही त्याचे!

मग २,२५० कुठून आले? त्याचे उत्तर रोलमध्ये आहे. फिल्म रोलवर येते आणि बाजारात ६० इंच रुंदीचा रोल सर्रास असतो. कडेला छाटण्यासाठी प्रत्येक तुकडा लांबीरुंदीत एक इंच जास्त धरावा लागतो. पुढच्या खोलीचे दोन तुकडे शेजारी ठेवले की ४७ इंच होतात आणि १३ इंचांची पट्टी उरते. आतल्या खोलीचे दोन तुकडे ४४ इंच, उरली १६ इंचांची पट्टी. कारागिराने वापरलेला सगळा रोल धरला तर ३७.०८ चौरस फूट होतात आणि २,२२५ रुपये. म्हणजे कारागिराने फसविलेच असे आम्ही म्हणणार नाही. उरलेल्या पट्टीचा त्यालाही फारसा उपयोग नसतो. पण ४८ इंचांचाही रोल मिळतो, आणि हे चारही तुकडे त्यात बसतात. मग २९.६७ चौरस फूट, म्हणजे १,७८० रुपये. हिशेब पुढे ठेवल्यावर त्याने तोच रोल आणला आणि तेवढेच पैसे घेतले. त्या भगिनींचे ४७० रुपये वाचले, कागद-पेन्सिल आणि अर्ध्या तासाच्या बदल्यात.

शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून काम दिले तर याहून सोपे जाते. एकाच्या उरलेल्या पट्टीतून दुसऱ्याच्या लहान तावदानाचे काम निघते. महिला मंडळांनी हा विचार जरूर करावा.

दर ठरविण्यापूर्वी आणखी काही गोष्टी विचाराव्यात. सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांची असते. म्हणून जितकी काळी तितकी थंड, हे खरे नाही. उजेड किती टक्के आत येतो आणि उष्णता किती टक्के अडते, हे दोन्ही आकडे विचारावेत. फार काळी फिल्म लावून भर दिवसा दिवा लावावा लागला आणि मुलांनी अंधारात डोळे ताणले, तर काय मिळविले?

आरशासारख्या फिल्मबाबत भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, पण रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की उलटे होते. तेव्हा पडदा काढून टाकू नये.

तडा गेलेली काच आधी बदलावी. न्हाणीघरातील नक्षीच्या काचेच्या खरखरीत बाजूला फिल्म नीट चिकटत नाही. गडद फिल्ममुळे काच स्वतः तापते आणि क्वचित तडकते, विशेषतः जाळी घातलेली काच. तशी काच फुटली तर भरपाई कोणाची, जुनी फिल्म काढण्याची मजुरी वेगळी की धरून, जीएसटी धरून की सोडून, हे सारे कोटेशनवर लिहून घ्यावे. फिल्म लावल्यावर पाण्याचे बारीक फुगे दिसतात, ते काही दिवसांत जातात. पहिला महिनाभर काच धुऊ नये.

कायद्याचीही एक शंका पुष्कळांना असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मविषयी जो निकाल दिला तो मोटारींच्या काचांबाबत होता. घराच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही. भाड्याच्या घरात मात्र मालकाला आधी सांगावे.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. आपले घर वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली असेल तर बरीचशी उष्णता वरून येते. अशा घरात खिडकीवर दोन हजार घालण्याआधी छपराला चुन्याचा पांढरा हात द्यावा. तळमजल्यावर किंवा मधल्या मजल्यावर असाल आणि हात तंग असेल, तर खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा ताटी टांगावी. ऊन काचेला लागण्यापूर्वीच अडविणे हे फिल्मपेक्षाही गुणकारी असते. फिल्म त्यानंतर, आणि तीही माप लिहून, दर विचारून. कारागीर दारात येण्यापूर्वी घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींकडून हे माप काढून घ्यावे. शाळेत शिकलेले क्षेत्रफळ घरच्या पैशाला कसे उपयोगी पडते, हे त्यांनाही कळू द्या.

छपराच्या उष्णतेचा हिशेब पुढील अंकी पाहू.