वृद्धाश्रमातील फ्लू : उत्तरदायी कोण?

वृद्धाश्रमात एकाच आठवड्यात दोन-तीन वृद्ध दगावले तर त्याची वार्ता होत नाही. ‘वय झाले होते’ एवढ्यावर चौकशी आटोपते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हृदयविकार असे कारण लिहिलेले असते. त्याआधी आठ दिवस त्या दालनात ताप-खोकल्याची साथ फिरत होती, याची नोंद बहुधा कोठेच सापडत नाही. मग अशा साथीला संस्था कितपत जबाबदार, हा प्रश्न निघणार तरी कसा?

वस्तुतः अंथरुणाला खिळलेला वृद्ध फ्लू आणण्यासाठी कोठेही जात नाही. फ्लू त्याच्याकडे चालत येतो. घास भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या परिचारकाबरोबर येतो, नाहीतर रविवारी भेटीस आलेल्या नातवंडांबरोबर. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून माणूस हा संसर्ग पसरवू शकतो. शिवाय उतारवयात लशीचा प्रभाव तरुणांच्या मानाने कमी पडतो. तेव्हा वृद्धांना लस टोचली की कर्तव्य संपले, असे संस्थेस म्हणता येणार नाही. ग्लासगो येथे वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या १२ रुग्णालयांत १९९४-९५ च्या हिवाळ्यात एक पाहणी झाली. जेथे कर्मचाऱ्यांना लस देण्यात आली, तेथे रुग्णांचे मृत्युप्रमाण १० टक्के आढळले. अन्यत्र ते १७ टक्के होते. हा सारा फरक लशीचाच मानावा काय, याविषयी पुढे तज्ज्ञांनी शंका घेतल्या आणि त्या रास्तही आहेत. तथापि संरक्षणाची सुरुवात वृद्धाच्या दंडापासून नव्हे, तर त्याची सेवा करणाऱ्यापासून करावी लागते, ही दिशा त्यातून स्पष्ट झाली.

आणि सेवा करणारी ही माणसे कोण? बहुतेक ठिकाणी ब्यूरोमार्फत आलेल्या, रोजावर राबणाऱ्या मावशी. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडतात. अंगात ताप असला तरी गोळी घेऊन त्या कामावर येतात, आणि बदली माणूस मिळत नाही म्हणून व्यवस्थापकही त्यांना परत पाठवत नाही. आजारपणाची पगारी रजा हा कामगारांच्या हक्काचा विषय आहे खरा. पण वृद्धाश्रमात ती साथ रोखण्याची पहिली तजवीज ठरते. दारावर हात धुण्याच्या सूचनेची पाटी लावणे त्याहून फार स्वस्त पडते, म्हणून पाट्या सर्वत्र दिसतात.

अमेरिकेत सरकारी विमा योजनांचा पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांना २००५ पासून प्रत्येक निवासीस फ्लूची लस देऊ करणे बंधनकारक आहे. तेथील आरोग्य यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार ७२ तासांत दोघे आजारी पडले आणि त्यांपैकी एकाचा फ्लू तपासणीत सिद्ध झाला, की साथ आली असे मानून आजारी नसलेल्या निवासींनाही प्रतिबंधक औषध द्यावयाचे असते. अर्थात नियम असले म्हणजे सारे सुरळीत होते असे नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोनाचा अमेरिकेतील पहिला मोठा तडाखा कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहालाच बसला. परंतु तेथे संस्थेला जाब विचारता येतो. आपल्याकडे तो कशाच्या आधारे विचारावा?

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. पण तो व्यवहारात खाजगी रुग्णालयांना लागू होतो, वृद्धाश्रम मात्र राहण्या-जेवण्याची सोय समजले जातात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वृद्धाश्रमांतील वैद्यकीय सेवेचे मानदंड ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले आणि २०२४ मध्ये ते सभागृह विसर्जित होईपर्यंत संमत झाले नाही. दरम्यान, प्रवेशाच्या वेळी आजारपणाची जबाबदारी नातेवाइकांची, असे हमीपत्र लिहून घेण्याची पद्धत रूढ आहे. खोलीतील सोबती कोण असावा, भरवणारी बाई कोण असावी, हे ठरविण्याचा कोणताही अधिकार नसलेल्या मुलाने परगावाहून ही जबाबदारी कशी पार पाडावी, हे ते हमीपत्र सांगत नाही.

देणग्यांवर, प्रसंगी पदरमोड करून चालणाऱ्या संस्थांवर नवे ओझे नको, हा आक्षेप घेतला जाईल. तो गैर नाही. फ्लूची लस वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय लसीकरणात नाही, ती विकत घ्यावी लागते. म्हणूनच निवासी व कर्मचारी या दोघांच्या लशीचा खर्च शासनाने उचलावा, आणि त्याच्या मोबदल्यात संस्थेकडून हिशेब मागावा : तापाच्या रुग्णांची रोजची नोंदवही आहे काय? आजारी कर्मचाऱ्यास पगारी रजा मिळते काय? वृद्धांना फ्लूत ताप येतोच असे नाही. जेवण टाकणे, सुस्ती, एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलणे एवढीच खूण असते. ती ओळखण्यास कोणाला शिकविले आहे काय? भेटीगाठी सरसकट बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. करोनाच्या काळात त्या एकाकीपणाने खचलेली माणसे आपण पाहिली आहेत.

लशीची प्रतिकारशक्ती तयार होण्यास दोन आठवडे लागतात, आणि महाराष्ट्रात फ्लूची एक लाट बहुधा पावसाळ्यात उठते. तेव्हा ही खरेदी एप्रिल-मेमध्येच व्हावयास हवी.