रसदगाड्यांचा सारथी कोण?

रसद तुटली की सेना खचते, हे मराठी माणसाला कोणी नव्याने सांगावयास नको. १७६१ च्या जानेवारीत मराठे पानिपतावर लढले ते उपाशी पोटी; दाणागोटा येण्याच्या वाटा शत्रूने आधीच रोखल्या होत्या. त्यानंतर युद्धाची हत्यारे बदलली, पण आघाडीवर पाणी, इंधन व दारूगोळा पोहोचविणारा मालमोटारीचा चालक आजही शत्रूच्या डोळ्यांत सलतो. या चालकालाच गाडीतून उतरवावे आणि गाडी आपोआप चालवावी, असा उद्योग अमेरिकी लष्कराने गेली दोन दशके आरंभिला आहे. तो कुतूहलाचा विषय म्हणून सोडून देता येणार नाही.

या उद्योगामागील निकड खरी आहे. अमेरिकी लष्कराच्याच एका संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २००७ साली अफगाणिस्तानात इंधन वाहणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार वा जखमी होत होता. यातले सगळेच गणवेशातले नव्हते. पोटासाठी परमुलखात गेलेल्या चालकांनाही युद्ध ओळखत नाही. जुलै २००४ मध्ये इराकात ओलीस धरलेल्या सात मालमोटारचालकांपैकी तिघे भारतीय होते. ते १ सप्टेंबरला सुटले. आखातात माणूस असलेली घरे आमच्या या किनाऱ्यावर थोडीथोडकी नाहीत. त्या सहा आठवड्यांतील घालमेल काय असेल, हे त्या घरांना विचारावे. तेव्हा यंत्रामुळे असा एक जरी जीव वाचत असेल, तर त्या यंत्राला नाके मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही, असेच आम्ही म्हणू.

मात्र यंत्राची वाटचाल वाटते तितकी सरळ नाही. लष्कराच्या लढाऊ भूवाहनांपैकी एक तृतीयांश वाहने २०१५ पर्यंत मनुष्यविरहित व्हावीत, असे उद्दिष्ट अमेरिकी काँग्रेसने २००० सालीच कायद्याने घालून दिले होते. मार्च २००४ मध्ये मोहावीच्या वाळवंटात चालकविरहित गाड्यांची सुमारे सव्वादोनशे किलोमीटरची शर्यत झाली; तीत सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम बारा किलोमीटरवर अडली. दुसऱ्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली आणि त्यांत एक अवजड लष्करी मालमोटारही होती. २०१४ मध्ये टेक्सासमधील फोर्ट हूड येथे पादचारी व चौक असलेल्या वाटेवरून अशा गाड्यांचा ताफा चालवून दाखविण्यात आला. पण २०१५ ची मुदत उद्दिष्ट न गाठताच उलटून गेली. पुढे भर आला तो मध्यम मार्गावर: पहिली गाडी सैनिकाने चालवावयाची आणि मागच्या गाड्यांनी उपग्रहाचे संकेत, बिनतारी संदेश व रडार यांच्या आधारे तिचा माग धरावयाचा. युक्रेनमध्ये उपग्रहसंकेत सर्रास बिघडविले जातात, हे २०२२ पासून जग पाहत आहे. तेथे रसद नेणाऱ्या छोट्या यंत्रगाड्याही बहुतांशी दूर बसलेला माणूसच हाकतो.

तंत्राच्या या अडचणी कालांतराने सुटतील. सुटणार नाही ती निराळीच गोष्ट. इराकात धोक्याच्या पट्ट्यातून जाताना ताफ्याने थांबू नये, अशी ताकीद असे. कारण थांबलेला ताफा म्हणजे आयते सावज. अशा वेळी रस्त्यात मूल आले तर काय करावयाचे? माणूस क्षणभरात निर्णय घेतो, आणि तो चुकला तर जन्मभर त्याचे ओझे वाहतो. यंत्राला हा निर्णय आगाऊ सांगून ठेवावा लागतो. अडथळा दिसताच थांब, असे सांगितले तर शत्रूला एक गाढव वा चार दगड पुरेसे आहेत. थांबू नकोस, असे सांगितले तर रस्त्यावरच्या मुलाचे मरण कोणा कचेरीत आधीच लिहून ठेवल्यासारखे होते. ते लिहिणारा कोण? गाडी बनविणारी कंपनी, ती विकत घेणारे खाते, की ताफ्याचा अधिकारी? जबाबदारी तिघांत वाटली गेली, तर ती कोणाचीच राहत नाही, हा सरकारी कारभाराचा अनुभव आपल्याला चांगलाच आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आपल्या सेनेच्या पुरवठा दलाचे ताफे उन्हाळ्यात साडेअकरा हजार फुटांवरचा जोजी ला ओलांडून लडाखच्या ठाण्यांसाठी हिवाळ्याची बेगमी नेतात. दरड, हिम आणि खोल दरी यांच्याशी झुंजणाऱ्या त्या चालकांचा भार यंत्राने हलका केला, तर आम्हांस आनंदच होईल. पण त्या डोंगरवाटांवर मेंढरांचे कळप घेऊन बकरवालही चालतात, प्रवासी गाड्याही जातात. ती रणभूमी नव्हे, आपल्याच लोकांचा रस्ता आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अशी वाहने आपल्या सेनेत येण्यापूर्वी काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. प्रत्येक ताफ्यामागे नावानिशी जबाबदार असा एक अधिकारी असावा. यंत्राने कधी थांबावे व कधी थांबू नये, याचा नियम कंपनीने नव्हे, शासनाने करावा आणि त्यावर संसदेत चर्चा व्हावी. नागरी रस्त्यावर तरी थांबणे हाच नियम असावा, मग रसदेला चार घटका उशीर झाला तरी बेहत्तर. गाडीतून माणूस उतरविता येईल. जबाबदारीतून त्याला उतरू देता कामा नये.