वास्तूचें चित्र आणि नागपूरचें कर्तव्य

एकोणिसाव्या शतकांत शहरांतील भव्य इमारतींचीं जलरंगांतील चित्रें काढण्याची मोठी आवड होती. वैद्यकीय विद्यालयांसारख्या सार्वजनिक वास्तूही त्यांत येत. अशा चित्रांत कमानी व खांब रेखीव असतात. माणसें मात्र इमारतीची उंची कळावी एवढ्यापुरतीं, मुंगीएवढीं! या चालीची उणीव हीच होय.

मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज घ्या. १८३८ सालीं वारलेले गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मारकासाठीं लोकांनीं वर्गणी जमविली, आणि १८४५ सालीं कॉलेज सुरू झालें. शेजारच्या रुग्णालयास जमशेटजी जिजीभाई या व्यापाऱ्यानें लाखाची देणगी दिली. १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. नांव गव्हर्नराचें लागलें खरें. पण त्या भिंतींत पैसा येथील लोकांचाही होता, आणि त्यांस कीर्ति मिळाली ती येथील विद्यार्थ्यांच्या बुद्धीनें. हें कोणत्या रंगांत दिसणार?

नागपुरांत १९१४ सालीं रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालें. १९४७ सालीं मेडिकल कॉलेज झालें. मेयो रुग्णालय तर त्याहूनही जुनें. या संस्थांनीं विदर्भाच्या खेड्यापाड्यांस वैद्य पुरविले. त्यांच्या जुन्या वास्तूंचें दफ्तर आपण नीट जपलें आहे काय?

कोणी म्हणेल, रुग्णास खाट मिळत नसतां चित्रांचा हा खटाटोप कशास? आक्षेप रास्त आहे. औषधाच्या पैशांतील एक पैही आम्ही मागत नाहीं. दुसरे म्हणतील, फोटो आहेतच. परंतु फोटोंत भिंतीची जाडी कळत नाहीं. विजेचा पंखा नसतां, नागपूरच्या वैशाखांत, उंच छत, खोल ओसरी आणि वरच्या झरोक्यांनीं रोग्यास गारवा कसा दिला, हें मोजून काढलेल्या आराखड्यांतच उमगतें. आज नवे दवाखाने बांधणारांसही तें उपयोगी पडेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जुनी सार्वजनिक इमारत पाडण्यापूर्वीं तिचा मोजमापाचा आराखडा व चित्र झालेंच पाहिजे, असा नियम व्हावा. शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांस हें काम द्यावें. खर्च व्यापारी मंडळींनीं उचलावा; जमशेटजींच्या दानापुढें तो कांहींच नव्हे. चित्राबरोबर देणगीदार, शिक्षक, परिचारिका व विद्यार्थी यांचीं नांवें लिहून तें सर्व अजब बंगल्यांत ठेवावें. भिंत पडल्यावर ती पुन्हां मोजतां येत नाहीं. आणि ज्यांनीं ती उभारली त्यांचीं नांवें तर तिच्याही आधीं पुसलीं जातात.